बाकीची स्थळं थांबवायची केव्हा?

"काय गं, मुलीचं एका ठिकाणी बोलणं चालू आहे. मुलगा बरा वाटतोय. पण मध्येच दुसरं एक चांगलं स्थळ सांगून आलंय. बघावं का नको?"

भिशीच्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या एका काकूंनी हा प्रश्न विचारला आणि तिथे बसलेल्या बाराजणींचे एकदम दोन तट पडले. "बघायला काय जातंय? साखरपुडा थोडाच झालाय!" असे निम्म्या म्हणाल्या. "अहो, उद्या त्यांना कळलं म्हणजे?" असे उरलेल्या. चहा गार होईपर्यंत वाद चालला. गंमत म्हणजे जिचे लग्न, तिला काय वाटते हे कुणीच विचारले नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात लग्नाचे कुणी असेल तर हा प्रश्न तुम्हांला नवा नाही. स्वतःची लेक एवढी मोठी नसली तरी धाकटी नणंद असते, दीर असतो, भाची असते. आणि विवाहाच्या संकेतस्थळाचे लॉगिन कुणाकडे, तर मोबाइलमधले कळते म्हणून वहिनीकडे! आमच्याकडे ते काम दोन वर्षे माझ्याकडे होते. शाळेतून आले, जेवणे आटोपली, वह्या तपासून झाल्या, की नणंदेसाठी आलेली स्थळे चाळायची. तेव्हा एक ध्यानात आले. स्थळे बघायची कशी हे सगळ्या घरांना ठाऊक आहे. थांबायचे केव्हा आणि ते सांगायचे कसे, हे मात्र फार थोड्यांना.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. माझ्या सासूबाईंचे लग्न 1983 सालचे. त्या सांगतात, मुलगी दाखवली की आठ-पंधरा दिवसांत निरोप येई. नकार असला तर "पत्रिका जुळत नाही" असे पोस्टकार्ड. (पत्रिका चांगली जुळत होती हे दोन्ही घरांना माहीत असे!) होकार असला तर मोठी माणसे बसत, याद्या होत, सुपारी फुटे, आणि त्या क्षणी दोन्ही घरांतले बघणे बंद. ते दिवस फार चांगले होते असे मी मुळीच म्हणणार नाही. एकेका मुलीला पंधरा-वीस वेळा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यावे लागे आणि तिची पसंती उपचारापुरती विचारली जाई. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालचा, पण त्यानंतरही याद्यांमध्ये काय काय लिहिले जाई ते न बोललेलेच बरे. तरी त्या पद्धतीत एक गोष्ट होती. कुठे थांबायचे ते सगळ्यांना कळत होते. वाङ्निश्चय हा शब्दच बघा ना. वाक् म्हणजे वाणी. वाणीने केलेला निश्चय. साडी, नारळ, ओटी, साखरेचा पुडा हे सगळे त्याच्या भोवतीचे. मुख्य काय, तर चार माणसांदेखत तोंडाने बोलायचे की हे आता ठरले. केक कापणे वगैरे तर अगदी अलीकडचे.

हल्ली काय होते? नव्वदीच्या दशकाच्या शेवटी विवाहाची संकेतस्थळे निघाली, पुढे ती मोबाइलवर आली. आता रविवारी सकाळी डेक्कनला एका मुलाबरोबर कॉफी आणि संध्याकाळी कोथरूडला दुसऱ्याबरोबर, असे मुली करतात आणि मुलेही करतात. यात मला काही वावगे वाटत नाही. पहिली भेट म्हणजे वचन नव्हे, दुसरीही नव्हे. उलट एकाच स्थळावर आशा लावून बसायचे, महिन्याने तिकडून नकार आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, यात मुलीचेच नुकसान होते.

पण पहिली भेट आणि साखरपुडा यांच्यामध्ये आता एक मोठा पट्टा तयार झाला आहे. कधी दोन महिन्यांचा, कधी सहा. घरात त्याला 'बोलणी चालू आहेत' म्हणतात. खरे म्हणजे बोलणी नव्हे, बोलणे चालू असते! रोज रात्री तास-दीड तास फोन, सकाळी उठल्याबरोबर निरोप, रविवारी सिनेमा. मन हळूहळू गुंतत जाते. आणि या पट्ट्याला ना विधी, ना मुहूर्त. नव्या मुली 'एक्सक्लुझिव्ह' असा शब्द वापरतात, म्हणजे आता आपण दोघंच, तिसरं कुणी नाही. आणि जिथे ते ठरतच नाही त्याला म्हणतात 'सिच्युएशनशिप'. ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी 2023 साली वर्षाचा शब्द निवडला, तेव्हा हा शब्द अखेरच्या यादीत होता. म्हणजे हे दुखणे काही आपल्याच पोरींचे नाही. मला विचाराल तर आपला 'तळ्यात-मळ्यात' हा शब्द त्याहून चपखल. फरक एवढाच, की त्या खेळात कुठे उडी मारायची ते कुणीतरी ओरडून सांगतो. इथे कुणीच बोलत नाही.

माझ्या नणंदेचीच हकिगत सांगते, तिला विचारूनच. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. ऑगस्टमध्ये एका मुलाची भेट झाली. तोही पुण्यातच, आईवडील कोल्हापूरला. नवरात्रापर्यंत रोजचा फोन सुरू झाला. दसऱ्याला घरी आली तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, आता बाकीची स्थळं नको बघूस. माझं मन नाही त्यात." मी तिचे प्रोफाइल झाकून ठेवले. दिवाळीत कराडहून चुलत सासूबाई आल्या. फराळ करता करता सहज म्हणाल्या, "आमच्या शेजारी गेल्या रविवारी कोल्हापूरची माणसं आली होती मुलगी बघायला. मुलगा पुण्यात असतो म्हणे. तो नव्हता, आईवडीलच येऊन गेले." आडनाव सांगितले, आणि नणंदेच्या हातातली चकली तशीच राहिली.

दोन दिवस घरात सुतक असल्यासारखे वातावरण. ऐन भाऊबीजेला कुणी कुणाशी धड बोलेना. सासूबाईंचे मत, "फसवी माणसं आहेत, तोडून टाक." आमचे हे म्हणाले, "मी फोन करून विचारतो." नणंद म्हणाली, "कुणी करायचा नाही. मी विचारीन." आणि तिने विचारले. तर तो मुलगा खरोखरच चकित! "मी तर केव्हाच थांबलोय," म्हणाला. "मग घरी का नाही सांगितलंस?" "घरी सांगायला आपलं अजून ठरलंय कुठं?" आणि त्याच्या आईचे म्हणणे काय, ते आम्हांला मागाहून कळले. "मला कुणी काही सांगितलं होतं का? मुलगा फोनवर हसतो म्हणून मी चार चांगली स्थळं सोडून द्यायची?"

आता सांगा, यात खोटे कोण बोलले? मुलगी मनाशी थांबली होती, मुलगा मनाशी थांबला होता आणि आई तिच्या जागी अगदी बरोबर होती. उद्या माझ्या मुलाच्या वेळी मीही तेच म्हणेन. तरी व्हायचा तो मनस्ताप झालाच. कारण मनातल्या मनात थांबणे हे थांबणे नव्हे. ते तोंडाने म्हणायला हवे. आधी त्या दोघांनी एकमेकांना, आणि मग लगेच आपापल्या घरी. यातली दुसरी पायरी मुले हटकून विसरतात. त्यांना वाटते, हा आमच्या दोघांचा प्रश्न. पण प्रोफाइल वडिलांच्या हातात, विवाह मंडळाची वही आईच्या हातात, आणि आत्याने तिकडे तिसऱ्यालाच शब्द टाकलेला! घरी सांगितले नाही तर थांबणार कोण?

नणंदेने पुढे काय केले ते मला आवडले. तिने त्याला सांगितले, "तू घरी सांग. तू सांगेपर्यंत मी माझं प्रोफाइल पुन्हा उघडते आहे. रागानं नाही. पण तू थांबलायस हे मी कशावरून धरायचं?" त्याला घरी ते एक वाक्य बोलायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे! त्या अवधीत ती एका दुसऱ्या मुलाला भेटूनही आली, आणि भेटल्याचे याला सांगितलेही. मग एका रविवारी त्याच्या आईंचा सासूबाईंना फोन आला, "आमच्याकडून आता दुसरं काही बघणं नाही. तुमच्याकडून?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडूनही नाही." एवढेच बोलणे. साखरपुडा माघात झाला, पण माझ्या मते ठरले ते त्या दिवशी. ते तीन आठवडे संपलेच नसते तर काय, हा प्रश्न होताच. लग्नानंतरही आईशी एक वाक्य बोलायला हा तीन आठवडे घेणार का, हेही नणंदेने त्याला स्पष्ट विचारले. त्याने कबूल केले, की हो, त्याला जड जाते. कबूल करणारा माणूस बरा.

मग हे म्हणायचे केव्हा? कुणी सांगते पाच भेटींनंतर, कुणी सांगते तीन महिन्यांनी. भेटी मोजून काय कळणार? पाच भेटी पाच हॉटेलांत झाल्या तर पाच मेनूकार्डे पाठ होतात, माणूस नाही. मला वाटते, काही गोष्टी माहीत झाल्याशिवाय थांबू नये आणि त्या माहीत झाल्यावर उगाच ताटकळत ठेवू नये.

पत्रिकेचे आधी सांगते, म्हणजे ते बाजूला होईल. माझा त्यावर विश्वास यथातथाच आहे. पण तुमच्या घरात बघत असतील तर पहिल्या भेटीच्या आधी बघा. छत्तीसांपैकी अठरा गुण, मंगळ, एकनाड, काय मानत असाल ते. मुले दोन महिने बोलल्यावर, एकमेकांच्या आवडीचा रंगसुद्धा पाठ झाल्यावर, आजोबांनी "एकनाड आहे, नको" म्हणायचे, हा शुद्ध दुष्टपणा आहे.

पैशाचे बोलणे आपल्याकडे पगारावर सुरू होते आणि पगारावरच संपते. 'पॅकेज' किती ते सगळे विचारतात. हप्ते किती ते कुणी विचारत नाही. वर्षाचे पंधरा लाख ऐकायला छान वाटतात. त्यातून फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, वडिलांच्या धंद्यातले देणे वजा करून महिन्याला हातात काय राहते, ते कळायला हवे. आणि मुलीच्या पगाराचे काय? ती आईवडिलांना दरमहा काही देते का, लग्नानंतर देणार का? एकुलत्या एक मुली आता घरोघर आहेत. "माझ्या आईबाबांना पुढे मीच बघणार" हे वाक्य तिने थांबण्याआधी म्हणायचे, लग्नानंतर नव्हे. ते ऐकून त्याचा चेहरा कसा होतो, तेही बघायचे.

राहायचे कुठे आणि कुणाबरोबर, बदली झाली तर कुणी नोकरी सोडायची, मूल हवे का आणि केव्हा, आडनावाचे काय, आधी कुणावर प्रेम होते का, ते संपले आहे का, कुठल्या गोळ्या रोज चालू आहेत का. ऐकताना परीक्षेची प्रश्नपत्रिका वाटते, पण एका बैठकीत विचारायचे नाहीच मुळी. दोन महिने रोज तासभर बोलणाऱ्यांना एवढ्याला वेळ मिळत नसेल, तर ते बोलतात तरी काय?

तब्येतीवरून एक महत्त्वाचे. बायोडेटावर रक्तगट सगळे लिहितात आणि त्याचा उपयोग फारसा नसतो. विचारायला हवे ते थॅलॅसेमियाचे. 'थॅलॅसेमिया मायनर' माणूस दिसायला आणि वागायला अगदी धडधाकट असतो, त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. पण नवराबायको दोघेही मायनर निघाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल 'मेजर' असण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि त्या मुलाला सतत रक्त भरावे लागते. हिमोग्लोबिनची एक विशेष तपासणी करून हे कळते. दोघांनी करून घ्यावी. एकाची अगदी सामान्य आली तर काळजी मिटलीच.

बाकी काही गोष्टी विचारून कळत नाहीत, बघून कळतात. हॉटेलातल्या पोऱ्याशी तो कसा बोलतो. तुमच्या मुलीला ऐन वेळी ऑफिसात काम निघाले आणि भेट रद्द झाली, तर तो काय म्हणतो. "बरं, पुढच्या रविवारी" म्हणणारा वेगळा आणि "तुला माझी किंमतच नाही" म्हणून दोन दिवस फोन न घेणारा वेगळा. दुसऱ्यापाशी थांबायची घाई नको. आणि एकदा एकमेकांच्या घरी जाऊन यावे. चिवडा-लाडूंच्या बश्या मांडलेल्या दिवशी नव्हे, साध्या दिवशी, वरणभाताच्या जेवणाला. घरात ताटे कोण उचलते ते बघितले की निम्मे उत्तर मिळते!

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळ नेमका कुणालाच द्यायचा नसतो. तुळशीचे लग्न झाले की घाई सुरू. "मार्गशीर्षातला मुहूर्त गेला तर थेट माघ," "हॉल आत्ताच भरत आलेत," "पुढे चातुर्मास लागला की अडकलं." अमेरिकेतल्या स्थळांची तर आणखी तऱ्हा. मुलगा डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा काढून येतो, आठ मुली बघतो, आणि परतीच्या तिकिटाच्या आधी दोन दिवस ठरवून मोकळा होतो. मी म्हणते, येण्याआधी चार महिने व्हिडिओवर एकीशी-दोघींशी नीट बोलायला काय हरकत होती? हॉलची अनामत आणि विमानाचे तिकीट ही दोन कारणे निर्णयाची नव्हेत. ठरलेच नसेल तर हॉल सोडून द्यावा.

आता, बोलायचे कुणी? "मुलीने आधी म्हटलं की हलकेपणा येतो," असे अजूनही ऐकायला मिळते. मला हे पटत नाही. तिने काही पदर पसरायचा नाहीये. सरळ म्हणायचे, "मला तुझ्याशी बोलायला आवडतं. मी आता बाकीची स्थळं बघणं थांबवायचं म्हणते आहे. तुझं काय? थांबायचं असेल तर दोघांनी येत्या रविवारी घरी सांगू." यात प्रेमाची कबुली नाही, लग्नाचे वचनही नाही. इतके म्हटले, की आजपासून आपण एकमेकांकडेच नीट लक्ष देऊन बघणार. आणि 'येत्या रविवारी' हे शब्द विसरू नयेत. तारखेशिवाय ठरवलेले आपल्याकडे होत नाही, मग ते पापड लाटणे असो की लग्न.

समजा तिकडून उत्तर आले, "मला अजून दोघींना भेटायचं आहे." वाईट वाटेल, पण उत्तर प्रामाणिक आहे. भेटू द्यावे. "किती दिवस?" एवढे विचारावे, आणि तोवर आपल्या मुलीनेही आपली दारे उघडी ठेवावीत. पंधरा दिवस, तीन आठवडे ठीक. पण त्यानंतरही "बघू", "कशाला घाई" असेच चालू राहिले तर मग ते उत्तरच समजावे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईत असते. मोबाइलवरच्या ॲपवर एका मुलाशी ओळख झाली. दोन वर्षे दोघे बरोबर हिंडताहेत, त्याच्या मित्रांना ती ठाऊक आहे, घरी नाही. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, तो म्हणतो आपल्या नात्याला नाव कशाला द्यायचं? नाव दिलं की मजा जाते." मी तिला विचारले, "तू त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाबरोबर सिनेमाला गेलीस तर त्याला चालेल का?" ती म्हणाली, "छे! तो केवढा चिडेल." म्हणजे हिने थांबायचे, ते गृहीतच, आणि त्याने थांबलो असे म्हणायचे मात्र नाही. ही वाटणी तिला त्या दिवशी दिसली. पुढे तिने काय केले ते ती सांगेल तेव्हा खरे. मी काही विचारलेले नाही.

थांबायचे ठरले की घरच्या बायकांनी, म्हणजे आपण, एक काम त्याच दिवशी करायचे. ज्यांना ज्यांना "कळवतो" असे म्हटले होते त्या सगळ्यांना कळवायचे. आपल्याकडे होकार फोनवर आणि नकार गप्प बसून देण्याची पद्धत पडली आहे. तिकडे कुणीतरी आई रोज फोन बघत असते. दोन ओळींना काय पैसे पडतात? "आमच्या मुलीचे एका ठिकाणी ठरत आले आहे, म्हणून आम्ही पुढे जात नाही. आपल्या मुलाला शुभेच्छा." बस. पत्रिकेची सबब नको, आणि "सध्या थांबा, कळवू" असे तर मुळीच नको. राखीव म्हणून एखादे स्थळ गरम ठेवायचे हे मी चांगल्या चांगल्या घरांत बघितले आहे. आपल्या मुलीला कुणी असे राखीव ठेवले तर चालेल का आपल्याला?

आणि थांबलो म्हणजे मालकी मिळाली असेही नव्हे. फोनचा पासवर्ड माग, कुठे आहेस त्याचा नकाशा सतत चालू ठेव, हा मित्र नको, तो ड्रेस नको, असे सुरू झाले तर थांबण्याचा पुन्हा विचार करावा. आत्ता तर नुसते थांबलोत. साखरपुडा झाला तरी कायद्याने लग्न होत नाही. 1955च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवे पाऊल पडते तेव्हा विवाह पूर्ण होतो, त्याच्या आधी नाही. एका काकांनी मुलाकडून कागदावर लिहून घ्यायचा विचार बोलून दाखवला होता, म्हणून सांगते: सज्ञान माणसाच्या लग्नाला आडकाठी करणारा करार 1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 26 प्रमाणे रद्दबातल असतो. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आहे बरं का!

एक नाजूक गोष्टही बोलून टाकते, कारण आया बोलत नाहीत. "आता ठरलंच आहे ना" म्हणून मुलीवर शरीरसंबंधासाठी दडपण येते. नको असेल तर नको, ठरले असले तरी नको, हे आईने नाही तर वहिनीने तिला सांगायला हवे. लग्न करायचा हेतूच नसताना तसे वचन देऊन संबंध ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 खाली गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. पण लग्न मोडले की प्रत्येक वेळी गुन्हा होतो असे समजू नका. 2019 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला: वचन मुळातच खोटे असणे वेगळे, आणि खरेपणाने दिलेले वचन पुढे पाळता न येणे वेगळे. पोलीस चौकीत जाऊन सिद्ध करत बसण्यापेक्षा आधीच सावध असलेले बरे.

थांबल्यावरही मोडू शकते. थांबायचे असते ते नीट बघण्यासाठी, आणि नीट बघितल्यावर कधी कधी नको वाटते. 'मुंबई-पुणे-मुंबई'चा 2015 साली आलेला दुसरा भाग आठवतो ना? लग्न ठरलेले, घरे आनंदात, आणि गौरीचा आधीचा मित्र परत येऊन उभा राहतो. मला त्यात आवडते ते तिचे गोंधळणे. आपल्या घरात असे झाले तर पहिले वाक्य येते, "आता लोक काय म्हणतील?" साखरपुड्याच्या आधी मोडले तर लोक आठ दिवस बोलतात, लग्नानंतर मोडले तर आयुष्यभर. हिशेब करायला सोपा आहे.

मोडायचे तर तेही तोंडाने, आणि शक्यतो त्या दोघांनीच एकमेकांना सांगावे; बापांनी बापांना फोन करून नव्हे. कारण एक सांगावे, दहा नकोत. घड्याळ, कानातले, साडी, जे काही इकडून तिकडे गेले असेल ते परत करावे. फुलांचा आणि कॉफीचा हिशेब कुणी मांडू नये. एकमेकांचे फोटो दोघांनी पुसून टाकावेत, मुख्य म्हणजे घरच्यांच्या फोनमधलेसुद्धा. मावशीने उत्साहाने चार गटांवर पाठवलेले असतात. आणि प्रोफाइल दुसऱ्याच दिवशी पुन्हा उघडू नये. महिना-दीड महिना जाऊ द्यावा. मुलीला तिच्या मैत्रिणींबरोबर कुठे जायचे असेल तर जाऊ द्यावे. तिची भूक परत आली, ती पुन्हा मोठ्याने हसायला लागली, की मग ती स्वतःच म्हणेल, "वहिनी, उघड गं ते." तेव्हा आधीचा फोटो बदलून नवा लावावा.